पेढीवरचा संगणक : बदलावा की थांबावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचा नियमित आधार थांबवला. लक्ष्मीपूजन आठवड्यावर आलेले, दुकानात गिऱ्हाइकांची रीघ. त्या दिवशी पेढीवर कोणाच्या काही लक्षातही आले नाही. संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाला, बिले छापली गेली, रात्री रोजमेळ जुळला. ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?’ असे वडील म्हणतात आणि ‘नवीनच घेऊन टाकू’ असे चिरंजीव म्हणतात. हा वाद अनेक घरांत अजून मिटलेला नाही.

आधार थांबला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. प्रणालीत सापडणारी नवी छिद्रे आता कोणी बुजवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या आणि सोडवणुकीसाठी खंडणी मागितली. त्या छिद्रावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. पेढीच्या बाबतीत कुलूप पडते ते खतावणीला. कोणाकडे किती उधारी, कोणाचा धनादेश यायचा, हे आज दिवाणजींच्या तोंडी नसते. ते त्या एका डब्यात असते. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे जातात, तो आधाराविना इंटरनेटला जोडलेला ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली गल्ल्यावर ठेवून जेवायला जाणे होय.

तरीही वडिलांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ‘विंडोज ११’ प्रत्येक यंत्रावर चढत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ‘आय-५ ८४००’ चालतो, ‘आय-३ ६१००’ चालत नाही. शिवाय ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते. पुष्कळदा ती असते, पण बंद ठेवलेली असते. जाणकार माणूस ती थोड्या वेळात सुरू करून देतो. ‘तुमचे यंत्र चालणार नाही, नवे घ्या’ असे सांगणाऱ्याला ही एक गोष्ट अवश्य विचारावी. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या विनामूल्य प्रोग्रामने यंत्राची पात्रता कळते, आणि अधिकृत ‘विंडोज १०’ असलेल्या पात्र यंत्राला नवी प्रणाली फुकट मिळते.

खरी अडचण निराळीच आहे. अनेक जुन्या पेढ्यांत डॉसवर लिहिलेला, फॉक्सप्रोमधला बिलांचा प्रोग्राम अजून चालतो. गावातल्याच एखाद्या मुलाने तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बनवून दिलेला असतो आणि तो मुलगा आता पुण्यात किंवा परदेशात असतो. असे प्रोग्राम ३२ बिटांच्या ‘विंडोज १०’वर चालत राहिले. ‘विंडोज ११’ केवळ ६४ बिटांची आहे. तिच्यावर ते थेट चालत नाहीत. ३२ बिटांच्या यंत्रावर नवी प्रणाली जुनीवर चढवताही येत नाही, सगळे पुसून नव्याने बसवावी लागते. रुंद पोर्टला जोडलेला, तीन प्रतींचे बिल ठोकणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांचीही चाचणी आधीच घ्यावी.

तेव्हा घाई करू नये, पण मुदत ठरवावी. घरगुती वापराच्या संगणकांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या देऊ केल्या आहेत. संस्थांसाठी हा आधार जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. दर पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. दुसऱ्या वर्षाचा आकडा मांडला की नवे यंत्र फारसे महाग वाटत नाही.

बदलाचा दिवसही पाहून ठरवावा. महिन्याची ७, ११ आणि २० तारीख म्हणजे अनुक्रमे टीडीएसचा भरणा, ‘जीएसटीआर-१’ आणि ‘३ब’ यांचे दिवस. ते उलटल्यावर, २१ नंतरचा रविवार उत्तम. त्याआधी हिशेबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर उघडून ताळेबंद जुळतो का ते पाहावे. बहुतेक लोक प्रत घेतात. उघडून कोणी पाहत नाही. जुनीवर नवी प्रणाली चढवली असेल, तर न जमल्यास दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते.

आणि तो जुना डॉसचा संगणक? तो भंगारात घालू नये. त्याची इंटरनेटची वायर काढून, प्रिंटरसह एका कोपऱ्यात ठेवावा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणजे २०२३-२४ या वर्षाची वही ३१ डिसेंबर २०३० पर्यंत मागितल्या क्षणी उघडता आली पाहिजे.