चित्रफितींच्या प्रती का ठेवाव्यात?

१९३१ सालच्या ‘आलम आरा’ ह्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आंतरजालावरील चित्रफितींनाही असाच धोका आहे. त्या एखाद्या संस्थेच्या संगणकांवर साठविलेल्या असतात. सेवा थांबली की त्या नाहीशा होऊ शकतात. एप्रिल २०११ मध्ये ‘गूगल व्हिडिओ’ने चित्रफिती दाखविणे बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा स्वयंसेवकांना त्या घाईने उतरवून घ्याव्या लागल्या. पुढे निर्णय बदलला व २०१२ मध्ये सेवा बंद होताना उरलेल्या चित्रफिती यूट्यूबवर हलविण्यात आल्या. अशी सवलत नेहमीच मिळेल असे नाही. शून्य व एक ह्या अंकांत नोंदलेल्या चित्रफितीची अचूक प्रत मुळाहून तिळमात्र उणी नसते. म्हणून मुळासह तीन प्रती दोन प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात. त्यांपैकी एक अन्य गावी असावी.