विरहिणी

मराठी संतकाव्यातील एक अभंगप्रकार. ‘विरहिणी’ किंवा ‘विराणी’ म्हणजे प्रियकराच्या वियोगाने व्याकूळ झालेली स्त्री. तिच्या मुखातून जीवाची ईश्वरभेटीची ओढ ज्या अभंगांत व्यक्त होते, त्यांनाही हीच संज्ञा आहे. लौकिक शृंगाराची भाषा व पारमार्थिक आशय ह्यांचा मेळ हे ह्या रचनांचे प्रमुख लक्षण होय.

संस्कृत साहित्यशास्त्रात विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास व करुण असे चार भेद सांगितले आहेत. नारदभक्तिसूत्रांत भक्तीच्या अकरा आसक्ती असून त्यांत परमविरहासक्तीचा उल्लेख तन्मयासक्तीच्याही नंतर, सर्वांत शेवटी येतो. विरह हा भक्तीतील उणेपणा नसून तिची परिणती होय, असा ह्या क्रमाचा अर्थ लावता येतो.

ज्ञानेश्वरांच्या (१२७५–९६) नावावरील विराण्यांत चंदन व चांदणे शीतलता न देता दाह करतात आणि अंगणातील कावळ्याकडे प्रियाच्या आगमनाचा शकुन विचारला जातो. येथे एक तात्त्विक प्रश्न उद्‌भवतो : अद्वैतात दुसरा कोणी नसेल, तर विरह कोणाचा? ह्याचे उत्तर काही अभंगांत अनुभवाच्या रूपाने मिळते. विरहिणी आलिंगनासाठी पुढे होते, तेव्हा तिला आपणच एकटे उरल्याचे आढळते. प्रिय दूर नव्हताच. त्याला बाहेर शोधणे हेच अंतर होते. तथापि हे उमगल्याने आर्तता खोटी ठरत नाही, कारण तिच्यावाचून हा शोध घडला नसता.

तुकारामांच्या (१६०८–५०) विराण्यांत लोकलाज सोडून परपुरुषाशी रत झालेल्या स्त्रीचे धीट रूपक आहे. ह्यास समांतर असे विरहाचे दुसरे रूप म्हणजे पंढरीस माहेर मानून सासुरवाशिणीप्रमाणे तिकडे डोळे लावून बसणे.

इंग्रजी मीमांसक कवी जॉन डन (१५७२–१६३१) ह्याने निरोपाच्या एका प्रसिद्ध कवितेत दोन जीवांना कंपासाच्या दोन पायांची उपमा दिली आहे : एक पाय मध्यावर रोवलेला, दुसरा फिरणारा, परंतु दोन्ही वर जोडलेले. तेथे देहांचे अंतर आत्म्यांची एकता मोडू शकत नाही, हे युक्तिवादाने पटविले जाते. मराठी विरहिणी युक्तिवाद करीत नाही. ती तळमळते आणि त्या तळमळीतूनच एकतेपर्यंत पोहोचते. शिवाय डनची प्रिया मानवी आहे, विरहिणीचा प्रिय परमात्मा आहे.

वारीच्या प्रथेत ह्या भावाला सामूहिक रूप लाभले आहे. आषाढी वारीत सासवडहून निघणारी सोपानदेवांची पालखी सोमेश्वरनगर, बारामती ह्या मार्गाने पंढरपूरला जाते; तुकारामांची पालखी बारामती व इंदापूर येथून जाते. पालखीत संतांच्या पादुका असतात. देहाने नसलेल्यांचे सान्निध्य त्यांतून मानले जाते. पंढरीत विठ्ठल विटेवर उभा आहे, म्हणजे प्रतीक्षा दोन्ही बाजूंनी आहे. पौर्णिमेला गोपाळकाला झाल्यावर पालख्या परततात. भेटीने विरह संपत नाही. तो पुढील वर्षाच्या वाटचालीचे बळ होतो. विरहिणीच्या अभंगांची गोडी आजही टिकून आहे, तिचे एक कारण ह्यात आढळते.