बेड सहा फुटी, दावेदार चार!

हिशोब करून बघा. दुकानदार ज्याला 'किंग साइज' म्हणतो, तो बेड साधारण सहा फूट रुंद. त्यावर आई, बाबा, साडेतीन वर्षांचं पिल्लू आणि पायाशी तीस किलोचा लॅब्रेडॉर. पिल्लू मधोमध आडवं झोपतं, म्हणजे वरून पाहिलं तर इंग्रजी 'एच' तयार! तेव्हा सकाळच्या मीटिंगला तांबारलेल्या डोळ्यांनी येणारा सहकारी रात्री पार्टीत होता असं समजू नका. बिचारा घरीच झोपला होता.

या लेखासाठी मी ओळखीतल्या आई-बाबांना एकच प्रश्न विचारला : रात्री बेडवर काय काय झालंय? उत्तरं ऐकून पोट धरून हसले. फक्त दोनदा हसू थांबलं. त्याबद्दल पुढे सांगतेच.

आरोपी कोण?

कोथरूडच्या एका मैत्रिणीकडे लागोपाठ तीन रात्री चादर ओली. संशय थेट कुत्र्यावर, आणि त्याची रवानगी बाल्कनीत. चौथ्या रात्री कुत्रा बाहेर, तरी चादर ओलीच! गळका डायपर सापडला आणि कुत्र्याची सन्मानाने घरवापसी झाली. ठाण्यातल्या एका मित्राच्या नाकावर झोपेत लेकीची टाच बसली. सुजलेलं नाक घेऊन तो ऑफिसला गेला, तर सगळ्यांनी सहानुभूतीने विचारलं, ''वहिनी फारच चिडल्या का रे?'' तिसऱ्या घरात मांजरीने पहाटे चार वाजता केसांचा गोळा ओकला. कुठे? नवऱ्याच्या उशीवर. चष्मा शोधायला त्याने हात नेमका तिथेच घातला.

तसं एकत्र झोपणं आपल्याला नवीन नाही. आजीच्या घरी खाली गाद्या पडायच्या आणि आत्या-मामांसकट सगळी पोरं एका रांगेत. पण तेव्हा पडायला उंचीच नव्हती, आणि कुत्रा अंगणात असायचा. आता दोन फूट उंच बेड, खाली टाइल्स, वर मऊ फोमची गादी आणि कुत्रा पांघरुणात. सवय जुनी, सेटिंग नवं!

इथे हसू थांबलं

पहिला किस्सा पाच महिन्यांच्या बाळाचा. ते आई-बाबांच्या मध्ये झोपलेलं. घरातली मांजर उबेसाठी येऊन त्याच्या तोंडाशी वेटोळं करून बसली. आईला वेळेत जाग आली, म्हणून निभावलं. इतक्या लहान बाळाची मान कमजोर असते. नाकावर काही आलं तर ते त्याला ढकलता येत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं : बाळाला निदान पहिले सहा महिने आपल्याच खोलीत, पण वेगळ्या जागी झोपवा. वर्षाचं होईपर्यंत पाठीवर, कडक सपाट गादीवर. उशी, जाड पांघरूण, सॉफ्ट टॉय काहीही नको. हो, आजीची मोहरीची उशीसुद्धा नको! बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी काढणं तर बेडपेक्षाही धोक्याचं. घरात कुणी दारू घेतली असेल किंवा सिगारेट ओढत असेल, तर धोका आणखी वाढतो.

दुसरा किस्सा एका अतिशय गुणी कुत्र्याचा. झोपेत पोरगं त्याच्या अंगावर लोळलं, तो दचकला आणि दात लागले ते थेट गालाला. तो कुत्रा वाईट नव्हता, गाढ झोपेत होता. दचकलेलं जनावर आधी तोंड चालवतं, मग ओळखतं. आणि बेडवर मुलाचा चेहरा त्याच्या तोंडाच्या अगदी समोर असतो.

एवढं कराच

• वर्षाखालचं बाळ : कॉट तुमच्या बेडशेजारी, बेडवर नाही. मांजर रात्री खोलीबाहेर.
• मूल आणि कुत्रा एका बेडवर नको. कुत्र्याची गादी खाली. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, लांबून हाक मारायची, हे मुलाला दिवसाच शिकवा.
• मोठं मूल लोळणारं असेल तर सरळ गादी जमिनीवर टाका. आजी बरोबर होती!
• दात किंवा नखं लागली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.
• प्राण्याचं लसीकरण आणि गोचीड-पिसवांचं औषध वेळेवर.

बाकी ओल्या चादरी आणि सुजलेली नाकं चालायचीच. मशीन चादर धुतं, नाकाची सूज उतरते. आणि हो, वॉटरप्रूफ मॅट्रेस प्रोटेक्टर आजच घ्या. एक नाही, दोन. एक कायम वाळत असतो.