नाव निसर्गाचे, संस्कार जिनशासनाचा

व्यापारी कुटुंबात नावाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. बाजारात माणसाआधी त्याचे नाव पोहोचते. पेढीवर, वहीत, हुंडीवर तेच उभे असते. म्हणूनच 'नाव राखणे' आणि 'नाव घालवणे' हे शब्दप्रयोग आपल्या घराघरांत इतके रुळले आहेत. मग ज्या दिवशी हे नाव प्रथम ठेवले जाते, त्या दिवशी त्यामागे किती विचार असावा?

अलीकडे आईवडिलांचा कल निसर्गातील नावांकडे वळला आहे. अवनी, आरव, अर्णव, विहान, ऋतुजा, किसलय अशी नावे पत्रिकांवर वारंवार दिसतात. ही केवळ नवी हौस आहे, असे मात्र नाही. तीर्थंकरांच्या नामकरणाच्या कथा पाहिल्या, तर ही वाट किती जुनी आहे ते ध्यानात येते. हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात सुसीमा मातेला कमळांच्या शय्येचे डोहाळे लागले, म्हणून पुत्र पद्मप्रभ झाला. लक्ष्मणा मातेला चंद्र प्राशन करण्याची इच्छा झाली, म्हणून तो चंद्रप्रभ झाला. वामा मातेने काळोख्या रात्री आपल्या पार्श्वभागी सरपटणारा सर्प पाहिला आणि पार्श्व हे नाव सिद्ध झाले. भगवान महावीरांच्या नामकरणाचे वर्णन कल्पसूत्रात आहे. बाराव्या दिवशी सिद्धार्थ राजाने आप्तेष्टांना भोजनास बोलावले आणि हा जीव गर्भात आल्यापासून कुळात धनधान्य वाढत गेले, म्हणून याचे नाव वर्धमान, असे त्यांच्यासमोर सांगितले. नाव ठेवायचे आणि त्याचे कारण चारचौघांत सांगायचे, ही रीत त्या प्रसंगातून दिसते. आज आत्याबाई कानात 'कुर्र' करून नाव सांगतात. त्याच्या पाठोपाठ नावाचा अर्थही मोठ्याने सांगितला गेला, तर बारशाची शोभा वाढेल.

निसर्गनामांची निवड करताना जैन कुटुंबाच्या हाती एक सुंदर चौकट आहे. ती म्हणजे षट्काय जीवांची. पृथ्वीकायाचे स्मरण देणारी अवनी, धरा, वसुधा. अप्कायाची सरिता, वर्षा, अर्णव. तेउकायाची तेजस, ज्योती. वायुकायाची अनिल, समीर. वनस्पतिकायाची पल्लवी, मंजिरी, पारिजात, पलाश. आणि त्रसकायाची मयूर, हंसा, सारंग. इतरांना जी केवळ माती किंवा पाणी वाटते, तिथे आपले शास्त्र जीव पाहते. त्यामुळे मुलीला 'सरिता' म्हणून हाक मारणारे घर पाणी गाळून वापरते, नळ वाहता सोडत नाही, तेव्हाच त्या हाकेत अर्थ भरतो.

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात तर निसर्गनाम हा विषय कागदावरचा राहत नाही. कापसाच्या या मुलखात तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. जवळच टिपेश्वरचे अभयारण्य. सुमारे १४८ चौरस किलोमीटरच्या या सागवनात वाघांचा वावर आहे. याच परिसरातील एका वाघिणीची वनखात्याच्या दप्तरी नोंद 'टी-१' अशी होती. वन्यजीवप्रेमींनी तिला नाव दिले 'अवनी', म्हणजे पृथ्वी. पांढरकवडा व राळेगाव भागातील १३ जणांच्या मृत्यूस तिला जबाबदार धरण्यात आले आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. तिच्यामागे दोन बछडे उरले. ज्या घरांतले कर्ते माणूस गेले, त्यांचे दुःख मोठे होते. त्याला उणे लेखणे ही अहिंसा नव्हे. परंतु 'टी-१' म्हटले की नोंद आठवते आणि 'अवनी' म्हटले की जीव आठवतो, हेही तितकेच खरे. नावाने नाते जडते. त्या घटनेनंतर 'अवनी' हे नाव देशभर दुमदुमले. आज एखाद्या घरात कन्येचे नाव अवनी ठेवले जाते, तेव्हा रान आणि शेत, वाघ आणि गुराखी या दोघांनाही जगू देण्याची जबाबदारी त्या नावासोबत घरात येते.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. पहिली अर्थाची. इंटरनेटवरील याद्यांमध्ये अर्थ फार सैलपणे दिलेले असतात. 'शनाया' म्हणजे सूर्याचा पहिला किरण, असे तिथे सांगितले जाते. संस्कृतात त्याला आधार नाही. नाव गोड वाटले तर अवश्य ठेवावे, पण अर्थ मात्र कोशात पाहावा किंवा एखाद्या जाणकाराला, साधू-साध्वीजींना विचारावा. पत्रिकेचे अक्षर पाळायचे असले तरी निसर्गनामे कमी पडत नाहीत. रोहिणी नक्षत्राच्या ओ, वा, वी, वू या अक्षरांवरून वारिज, वासंती, विपिन अशी किती तरी नावे सुचतील.

दुसरी गोष्ट नोंदीची. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावयाची असते. मात्र त्या वेळी नाव ठरलेले असलेच पाहिजे, असे नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा ठरतो. तेव्हा घाईने नाव लिहून पुढे दुरुस्तीसाठी खेटे घालण्यापेक्षा चार दिवस थांबावे. मराठी व इंग्रजी दोन्ही लेखन एकदाच ठरवावे आणि मगच नोंद करावी.

नामकरणाच्या दिवशी सोन्याचांदीची भेट येतेच. तिच्या जोडीला बाळाच्या नावाने एखादे झाड लावावे, पाखरांसाठी पाण्याचे पात्र ठेवावे, गोशाळेत चाऱ्याची सोय करावी. दागिना तिजोरीत राहील. झाड मात्र बाळाबरोबर वाढेल आणि पुढे मूल जेव्हा विचारील, 'माझे नाव हेच का ठेवले?', तेव्हा आईवडिलांना उत्तर शोधावे लागणार नाही.