सेरेब्रल पाल्सी : मुलग्यांचे प्रमाण अधिक; पण उपचारांपासून मुली दूर राहण्याचा धोका

भिलाई : सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये अधिक आढळतो. युरोपातील नोंदींनुसार दर १०० बाधित मुलींमागे सुमारे १३० मुलगे असतात. भारतातील अनेक रुग्णालयांत मात्र ही तफावत याहून मोठी दिसते. ती सर्वस्वी नैसर्गिक आहे का, हा खरा प्रश्न आहे.

गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या आरंभीच्या काळात मेंदूला इजा झाल्यास बालकाच्या हालचालींवर व तोलावर कायमचा परिणाम होतो. मुदतपूर्व जन्म, जन्मताच प्राणवायूची कमतरता, तीव्र कावीळ व मेंदूज्वर ही त्याची प्रमुख कारणे होत. मूळ इजा वाढत नाही. परंतु उपचारांअभावी स्नायू आखडतात आणि सांधे वाकतात.

मुलग्यांचा जन्म मुदतीपूर्वी होण्याची शक्यता किंचित अधिक असते. तितक्याच आठवड्यांच्या मुलींच्या तुलनेत त्यांची फुप्फुसे कमी परिपक्व असतात आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही जास्त असतो. प्राणवायू कमी पडल्यावर नर व मादी यांच्या मेंदूपेशी वेगवेगळ्या प्रक्रियांनी नष्ट होतात, असे प्रयोगशाळेतील संशोधनात आढळले आहे.

छत्तीसगडमध्ये २०११च्या जनगणनेनुसार शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर १,००० मुलग्यांमागे ९६९ मुली होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ८९४ होते. त्यामुळे येथे मुलींची संख्याच कमी आहे, हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. समजा, एखाद्या केंद्रात १०० मुलींमागे २०० मुलगे नोंदले गेले, तर त्यांपैकी सुमारे १३० मुलग्यांची संख्या जीवशास्त्राने समजू शकते. उरलेल्या तफावतीमागे उपचारांसाठी कधीच न आणलेल्या मुली असू शकतात.

भिलाईत पोलाद प्रकल्पाचे सेक्टर ९ येथील जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. शेजारच्या रायपूरमध्ये २०१२पासून एम्स आहे. मात्र भौतिकोपचार वर्षानुवर्षे चालतात. प्रत्येक फेरीला प्रवासखर्च होतो आणि मजुरी बुडते. अशा वेळी कोणाच्या उपचारांवर खर्च करायचा, हा निर्णय घरातच होतो आणि तो मुलीच्या विरोधात जाण्याची भीती असते.

२०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील बालकांची मोफत तपासणी होते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. दोन्ही सुविधा मुलगा-मुलगी भेद न करता उपलब्ध आहेत.

चार महिन्यांनंतरही मान न सावरणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना बसता न येणे, वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर करणे किंवा पाय सतत ताठ राहणे, ही लक्षणे दिसताच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मुलग्यांना धोका अधिक असला, तरी मुलीतील लक्षणांकडे दुर्लक्ष करण्याचे ते कारण ठरत नाही.