बंद डोळ्यांनी काढलेले चित्र

अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर (१९३८–१९८८) यांची ‘कॅथीड्रल’ ही कथा १९८१ साली प्रसिद्ध झाली. तीत घडते फार थोडे. निवेदकाच्या पत्नीचा जुना अंध स्नेही रॉबर्ट, स्वतःची पत्नी निवर्तल्यानंतर, एका रात्रीच्या मुक्कामाला येतो. दहा वर्षांपूर्वी तिने त्याला वाचून दाखवण्याचे काम केले होते. निरोपाच्या दिवशी त्याने बोटांनी तिचा चेहरा चाचपला होता. पुढे दोघे ध्वनिफितींवरून एकमेकांशी बोलत राहिले. पहिले लग्न मोडल्याचेही तिने त्यालाच सांगितले.

निवेदकाला हा पाहुणा नको आहे. त्याचा मत्सर मात्र नीट पाहण्याजोगा आहे. पत्नी सोडून जाईल, ही भीती त्यात आम्हांस दिसत नाही. तिचे इतकी वर्षे मन लावून ऐकणारा कोणी आहे आणि तो आपण नाही, ही बोच आहे. ती लपवण्यासाठी तो थट्टा करतो, मद्य घेतो, अलिप्त राहतो.

पालीतील ‘उपेक्खा’ म्हणजे चित्ताचा समतोल. मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. अज्ञानातून येणारी बेपर्वाई हा उपेक्खेचा जवळचा शत्रू, असे विसुद्धिमग्गात बुद्धघोष सांगतात. जवळचा अशासाठी, की तो तिच्यासारखाच दिसतो. निवेदकाची अलिप्तता ही अशी आहे. वसतिगृहात वाढलेल्यांना ‘मला काही फरक पडत नाही’ हे वाक्य आठवेल, आणि ते केव्हा ओठी येई तेही.

रात्री पत्नीला सोफ्यावर झोप लागते. दूरचित्रवाणीवर कॅथीड्रलविषयी, म्हणजे बिशपचे पीठ असलेल्या भव्य चर्चविषयी, कार्यक्रम चालू असतो. ते कसे असते, हे डोळस निवेदकाला सांगता येत नाही. तो क्षमा मागतो. तेव्हा रॉबर्ट त्याला जाड कागद आणावयास सांगतो. स्वयंपाकघरात कांद्याच्या साली असलेली कागदी पिशवी मिळते. ती झटकून टेबलावर पसरली जाते. निवेदकाच्या हातावर रॉबर्टचा हात. कमानी, खिडक्या, दारे उमटत जातात. रॉबर्ट त्याला डोळे मिटावयास लावतो. चित्र झाल्यावर ‘आता पाहा’ म्हटले, तरी तो ते उघडत नाही.

हा निवेदक पालटला, असे कार्व्हर म्हणत नाहीत, आणि आम्हीही म्हणणार नाही. चित्र चालू असताना पत्नी जागी होते, काय चालले आहे म्हणून विचारते. निवेदक गप्पच राहतो. उत्तर देतो तो रॉबर्ट.