रिकाम्या कार्ट्रिजवर हक्क कोणाचा?

अमेरिकेतली लेक्समार्क कंपनी काही टोनर कार्ट्रिज सवलतीत विकायची. अट अशी, की ती एकदाच वापरायची आणि रिकामी झाल्यावर दुसऱ्या कोणाला द्यायची नाहीत. ‘इम्प्रेशन प्रॉडक्ट्स’ ही कंपनी अशी कार्ट्रिज पुन्हा भरून विकू लागली, तेव्हा लेक्समार्कने पेटंटभंगाचा दावा लावला. २०१७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : वस्तू एकदा विकली, की तिच्यावरचा पेटंटहक्क संपला, अट मोडली तर मूळ ग्राहकाशी कराराचं भांडण तेवढं उरतं.

पुन्हा भरून विकण्याचा हक्क मिळाला, म्हणजे दर्जा मिळाला असं नाही. प्रिंटरच्या काळ्या टोनर कार्ट्रिजमधून किती पानं निघतात, हे मोजण्याची रीत ‘आयएसओ/आयईसी १९७५२’ या मानकात ठरवलेली आहे. अशी पुन्हा भरलेली कार्ट्रिज घेताना पानांचा आकडा याच मानकानुसार मोजला आहे का, ते विचारावं.